मातीचा नाग, जिवंत नाग

बत्तीस शिराळ्याची नागपंचमी कशी सुरू झाली, याची एक गोष्ट त्या गावात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. गोरक्षनाथ भिक्षा मागत महाजनांच्या दारात आले. त्यांनी हाक दिली, पण घरातली बाई लवकर बाहेर आली नाही. ती आली तेव्हा नाथांनी उशिराचे कारण विचारले. आज पंचमी, मातीच्या नागाची पूजा करत होते, असे तिने सांगितले. जिवंत नाग समोर आला तर पुजशील का, असे नाथांनी विचारले. ती हो म्हणाली. नाथांनी मातीच्या नागात प्राण घातला आणि तेव्हापासून शिराळ्यात जिवंत नाग पुजला जाऊ लागला.

या गोष्टीत एक अवघड प्रश्न लपलेला आहे. मातीचा नाग कमी पडत होता का? महाराष्ट्रभर तो पुरतो. कुठे पाटावर गंधाने नाग काढतात, कुठे कुंभाराकडून मातीचा आणतात, कुठे बायका गावाबाहेरच्या वारुळाला दूध-लाह्या वाहून येतात. पूजा पूर्ण होते, पुण्य मिळते, कोणाला धोका नसतो. मग सह्याद्रीच्या पूर्व उतारावरच्या, मोरणेकाठच्या एका गावाने खऱ्या विषारी नागाची वाट का धरली असेल? आणि एकदा धरल्यावर इतकी वर्षे ती सोडली का नाही?

माणसांच्या समाजात धर्मश्रद्धा का असते, या प्रश्नाची उत्तरे देताना बहुतेक जण दोन वेगळे प्रश्न एकत्र करून टाकतात. श्रद्धा जन्माला का येते, हा एक प्रश्न. जन्मलेली श्रद्धा का टिकते, हा दुसरा. माणसाच्या मनात रोज कितीतरी कल्पना उगवतात आणि मावळतात. त्यातल्या फार थोड्या पुढच्या पिढीपर्यंत पोचतात. उगवण्याची कारणे बरीचशी मनात सापडतात. टिकण्याची कारणे मात्र माणसामाणसांत शोधावी लागतात. शिराळ्यात ही दोन्ही कारणे एका दिवसात डोळ्यांसमोर येतात, म्हणून या प्रकरणासाठी मी हे गाव निवडले आहे.

आधी उगवण्याचे पाहू. सापाची भीती माणसाला शिकवावी लागत नाही, असे आपण सहज म्हणतो. ते अर्धेच खरे आहे. सुसान मिनेका आणि मायकेल कुक या मानसशास्त्रज्ञांनी १९८०च्या दशकात प्रयोगशाळेत वाढलेल्या, साप कधीच न पाहिलेल्या माकडांवर प्रयोग केले. ती माकडे सुरुवातीला सापाला घाबरत नव्हती. पण दुसरे माकड सापाला घाबरते आहे असे चित्रण दाखवल्यावर तीही लगेच घाबरू लागली. मग तेच चित्रण असे जुळवले, की घाबरणारे माकड फुलाकडे पाहून घाबरते आहे असे दिसावे. फुलाची भीती मात्र माकडे शिकली नाहीत. म्हणजे भीती तयार नसते, पण तिची जागा मनात तयार असते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सहा महिन्यांच्या बाळांना फुलांची, माशांची, कोळ्यांची आणि सापांची चित्रे दाखवली. कोळी आणि साप पाहताना बाळांच्या डोळ्यांच्या बाहुल्या अधिक विस्फारल्या. मानववंशशास्त्रज्ञ लिन इस्बेल यांनी तर असे मांडले आहे, की माकडांची आणि आपली तीक्ष्ण नजर घडण्यातच सापांचा मोठा वाटा आहे: गवतातला साप ज्यांना आधी दिसला ते वाचले.

हे सगळे शिराळ्याच्या शेतात नेऊन पाहावे. तालुक्यात मेअखेरीस, पाऊस पडायच्या आधीच कोरड्या मातीत धूळवाफेवर भात पेरतात. पाऊस लागला की पीक आणि तण दोन्ही वर येतात आणि आषाढापासून भांगलण सुरू होते. वाफ्यात ओळीने बसून, हातात खुरपे घेऊन, गुडघाभर हिरवळीत हात घालून बायका पुढे सरकत जातात. नेमके याच दिवसांत उंदरांची बिळे पाण्याने भरतात आणि बिळातले साप बाहेर येतात. उन्हाळ्याच्या शेवटी नागिणीने घातलेली अंडी पावसाळ्यात फुटतात. भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे गेली असावीत, म्हणजे वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात मांडला आहे. त्यातले बहुतेक मृत्यू खेड्यांतले आणि जवळपास निम्मे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले. श्रावण शुद्ध पंचमी या चार महिन्यांच्या साधारण मध्यावर येते.

ब्रॉनिस्लाव मॅलिनोव्हस्की या मानववंशशास्त्रज्ञाने पहिल्या महायुद्धाच्या काळात ट्रोब्रिअंड बेटांवर राहून एक गोष्ट टिपली होती. तिथले कोळी खाडीच्या शांत पाण्यात मासे धरायला जात तेव्हा कोणताही मंत्रतंत्र करत नसत; तिथे हात आणि अनुभव पुरत असे. खुल्या समुद्रात जाताना मात्र विधींची रांग लागे. कौशल्य जिथे संपते आणि जीव जिथे पणाला लागतो, तिथे विधी सुरू होतो. भांगलणीला बसलेल्या बाईची गत खुल्या समुद्रातल्या कोळ्यासारखीच आहे. खुरपे कसे चालवायचे हे तिला कळते. पुढच्या गवताच्या झुपक्यात काय आहे हे तिला कळत नाही.

पण भीतीतून देव जन्मला, एवढे म्हणून थांबता येत नाही. भीतीतून पळणे जन्मते, काठी जन्मते, साप दिसताच ठेचून मारणे जन्मते. पूजा जन्मायला आणखी काही लागते. ते म्हणजे भीतीच्या मागे एक मन असल्याची खात्री. गवत हलले की आपण आधी 'कोण आहे' असे विचारतो, 'काय आहे' हे नंतर. वाऱ्याला प्राणी समजण्यात फारसे नुकसान नाही, प्राण्याला वारा समजण्यात जीव जातो; त्यामुळे हेतू नसलेल्या ठिकाणीही हेतू पाहण्याकडे आपल्या मनाचा कल झाला, असे स्ट्युअर्ट गथ्री आणि जस्टिन बॅरेट या अभ्यासकांचे म्हणणे आहे. दंश झाला तर 'साप पायाखाली आला' हे कारण बुद्धीला पटते, पण मनाला पुरत नाही. तो मलाच का चावला? आजच का? या 'का'ला उत्तर द्यायचे तर सापाला राग, स्मृती आणि नाती द्यावी लागतात.

श्रावणातल्या नागपंचमीच्या कहाणीत नेमके हेच घडते. शेतकऱ्याच्या नांगराखाली नागाची पिल्ले मरतात. नागीण रागाने त्याच्या घरादाराला डसते. मग ती परगावी दिलेल्या लेकीला डसायला जाते, तर लेक पाटावर नाग काढून मनोभावे पूजा करत असते. नागीण विरघळते आणि अमृत देऊन सगळ्यांना जिवंत करते. इथे साप हा अपघात राहत नाही. तो दुखावलेली आई होतो. आणि दुखावलेल्या आईशी बोलता येते, तिची क्षमा मागता येते. पंचमीच्या आदल्या दिवशी बायका नागाला भाऊ मानून त्याच्यासाठी उपवास करतात. ज्याच्यापासून जीव जाण्याची सर्वांत जास्त भीती, त्यालाच माहेरचे नाते दिले आहे. महाभारतही सर्पसत्राच्या चौकटीत सांगितलेले आहे. जनमेजय सगळे सर्प जाळायला निघतो आणि त्याला थांबवतो आस्तिक, ज्याची आई नागकुळातली आणि बाप ऋषी आहे. ज्याचे भय वाटते त्याला संपवायचे की सोयरा करायचे, या दोन वाटा फार जुन्या आहेत.

आणि त्या फक्त आपल्याकडच्या नाहीत. तुर्कस्तानात गोबेक्ली टेपे येथे १९९५पासून क्लाउस श्मिट यांनी उत्खनन केले. तिथे सुमारे साडेअकरा हजार वर्षांपूर्वीचे, शेती रुजण्याच्याही आधीचे दगडी खांब उभे आहेत आणि त्यांवर कोरलेल्या प्राण्यांत साप फार मोठ्या संख्येने आहेत. आपल्या अजिंठ्यात एकोणिसाव्या लेण्याबाहेर नागराज आणि त्याची राणी बसलेली आहेत. बुद्धाच्या दाराशीही नागाला जागा मिळाली.

इथवर झाले ते उगवण्याचे. कहाणी सुंदर आहे, पण कहाणी ऐकून कोणी हातात जिवंत नाग धरत नाही. आता टिकण्याकडे येऊ, कारण मला शिराळ्याचे खरे महत्त्व तिथे दिसते.

पंचमीला काही करायचे नसते: नांगरायचे नाही, खणायचे नाही, विळीवर चिरायचे नाही, तवा चुलीवर ठेवायचा नाही. म्हणून त्या दिवशी घरोघरी उकडलेली दिंडे होतात. अलीकडे असे सांगितले जाते, की ही आपल्या पूर्वजांची निसर्गसंरक्षणाची योजना होती. मला ते पटत नाही. एक दिवस नांगर थांबवून सापांची संख्या वाढत नाही, आणि विळी न धरल्याने तर नागाचे काहीच वाचत नाही. या नियमांचे काम वेगळे आहे. ते सगळ्यांनी एकाच दिवशी पाळायचे असतात आणि एकमेकांना पाळताना दिसायचे असतात. शेजारणीच्या घरी तवा चढला नाही हे मला दिसते, माझ्या घरी चढला नाही हे तिला दिसते. आपण एकाच गोष्टीला मानणारी माणसे आहोत, याची ही मूक ग्वाही असते, आणि ती दर वर्षी नव्याने द्यावी लागते.

पण तवा न चढवणे स्वस्त आहे. न मानणाऱ्यालाही ते जमते. समाजाला नेहमी सतावणारा प्रश्न हा, की खरोखर मानणारा कोण आणि तोंडदेखला कोण. जोसेफ हेन्रिक या अभ्यासकाने याचे जे उत्तर दिले आहे ते मला शिराळ्याची किल्ली वाटते. मुले मोठ्यांचे नुसते बोलणे ऐकून श्रद्धा घेत नाहीत, असे हेन्रिक म्हणतात. ती मोठ्यांची कृती पाहतात. जी कृती मनात विश्वास असल्याशिवाय कोणी करणार नाही, जिच्यात झीज आहे, धोका आहे, तीच मुलांच्या मनावर खोल उमटते. उपवास, अनवाणी चाल, दान, नवस फेडणे ही सगळी त्या जातीची कृत्ये आहेत.

आता शिराळ्यात काय होत असे ते आठवावे. पंचमीच्या आधी काही आठवडे गल्लीगल्लीतल्या मंडळांची तरुण पोरे काठ्या घेऊन रानात उतरत. बांध, ओढ्याची काठे, वारुळे, दगडांच्या ताली धुंडाळत. नाग दिसला की न मारता, न दुखवता धरायचा, मडक्यात ठेवायचा, मडक्याचे तोंड फडक्याने बांधायचे. पंचमीच्या दिवशी ती मडकी अंबामातेच्या देवळात जात. घरोघरी बायका समोर फणा काढलेल्या नागाला हळदकुंकू वाहत. मग ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवरून मिरवणूक निघे, कोणाचा नाग लांब आणि कोणाचा फणा उंच याची चुरस चाले. नंतर नाग पुन्हा रानात सोडले जात. नागाचे विषाचे दात आम्ही काढत नाही, हे शिराळकर अभिमानाने सांगतात. हा अभिमान समजून घेण्यासारखा आहे, कारण दात काढलेल्या नागाने यातले काहीच सिद्ध झाले नसते. गोष्टीतल्या बाईने नाथांना दिलेला होकार दर वर्षी गावाने पुन्हा द्यायचा, आणि तो जिवंत, विषारी नागासमोरच द्यायचा.

अशा वेळी बघणाऱ्याचे काय होते? दिमित्रिस झिगालाटास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्पेनमधल्या सान पेद्रो मान्रिके या खेड्यात निखाऱ्यांवरून चालण्याच्या विधीत माणसांच्या हृदयाचे ठोके मोजले. चालणाऱ्याचे ठोके ज्या लयीत वरखाली होत होते, त्याच लयीत कडेला नुसते बसलेल्या त्याच्या आप्तेष्टांचेही होत होते. बाहेरून आलेल्या अनोळखी प्रेक्षकांचे मात्र नाही. शिराळ्यात असे मोजमाप झाल्याचे मी वाचलेले नाही, पण ज्याचा मुलगा किंवा भाऊ ट्रॉलीवर नाग धरून उभा आहे त्याच्या छातीत काय होत असेल, हे सांगायला यंत्र लागत नाही. गावकी म्हणतात ती अशा क्षणी अंगात जाणवते. समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम यांनी १९१२च्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात हेच मांडले होते: एकत्र जमलेल्या माणसांना आपल्यापेक्षा मोठे असे काहीतरी जाणवते, ते खरेच असते, आणि ते म्हणजे त्यांचा स्वतःचा समाज.

झीज सोसायला लावणारे धर्म टिकतात, याला आकड्यांचाही आधार आहे. रिचर्ड सोसिस यांनी एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेतल्या दोनशे वसाहती अभ्यासल्या. काही लोक सगळे सामाईक ठेवून, वेगळे गाव वसवून राहत. त्यांतल्या काही वसाहती धार्मिक होत्या, काही समाजवादी विचारांच्या. दोन्हीकडे ध्येयवादी माणसे होती. पण कोणतेही वर्ष घेतले तरी ते निभावून जाण्याची शक्यता धार्मिक वसाहतींची सुमारे चौपट होती. पुढच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. खाण्यापिण्यावर, पोशाखावर, मालमत्तेवर जितकी कडक बंधने, तितकी धार्मिक वसाहत जास्त जगली. तीच बंधने निधर्मी वसाहतींनी घातली तेव्हा त्यांचे आयुष्य वाढले नाही. कारण निधर्मी नियमाला कोणीही 'हे कशासाठी' असे विचारू शकतो, आणि विचारायलाच हवे. पण एकदा हिशेब सुरू झाला की झीज ही झीजच दिसू लागते. पवित्र मानलेल्या नियमाचा हिशेब मांडला जात नाही. धर्माचे बळही यात आहे आणि धोकाही.

शिराळ्याच्या पंचमीत प्रत्येकाला वाटा आहे, हेही विसरून चालणार नाही. पहिल्या पूजेचा मान महाजनांच्या घराचा. पालखी तिथून अंबामातेकडे जायची. नाग धरणारी पोरे वेगवेगळ्या गल्ल्यांची आणि जातींची. लग्न होऊन गेलेल्या लेकी पंचमीला माहेरी येतात, मुंबई-पुण्याला कामाला गेलेले रजा टाकून येतात. ज्या गावाचे नाव बत्तीस गावांच्या महालावरून पडले असे सांगतात, ते गाव वर्षातून एक दिवस पुन्हा सगळ्यांच्या नजरेच्या मध्यभागी येते. देशोदेशीचे छायाचित्रकार इथे येऊ लागले तेव्हा परंपरेला नवे खतपाणी मिळाले. श्रद्धा टिकवणाऱ्या कारणांत प्रतिष्ठा धरायला आपण कचरतो, जणू तिने श्रद्धा खोटी ठरते. मला तसे वाटत नाही. आपल्या गावाचे नाव असावे असे वाटणे ही माणसाची साधी, चांगली गरज आहे.

शिवाय एक गाव एकाच श्रद्धेवर उभे नसते. समर्थ रामदासांनी स्थापलेल्या अकरा मारुतींपैकी एक शिराळ्यात आहे, शके १५७६चा, म्हणजे १६५४चा. नाथपंथी जोग्याची गोष्ट, ग्रामदेवता अंबामाता, समर्थांचा मारुती आणि या सगळ्यांहून कितीतरी जुनी असावी अशी वारुळाची भीती, हे थर एकमेकांना न हटवता एकत्र नांदतात. इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी महाराष्ट्रातल्या जुन्या वाटांवरची उघड्यावरची दैवते शोधत हिंडले. उत्पादनाची साधने बदलली तरी जुने विधी नव्या अर्थाने जगत राहतात, हे त्यांनी दाखवले. नवा पंथ जुन्या दैवताला क्वचितच पुसतो. त्याच्याविषयी एक नवी गोष्ट सांगतो. लोकसंस्कृतीचे अभ्यासक रा. चिं. ढेरे यांनी आयुष्यभर अशाच गोष्टींचे थर उकलले. वारुळापाशी आधीच वाकणाऱ्या लोकांना गोरक्षनाथांची गोष्ट मिळाली, असे मानायला मला जागा दिसते.

मग कायदा आला. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा. त्यात नुसते पकडणेसुद्धा शिकारीच्या व्याख्येत येते, आणि नाग हा संरक्षित प्राणी आहे. प्राणीमित्रांचे म्हणणे साधे आणि खरे होते. मडक्यात दिवसेंदिवस कोंडलेला, गर्दीत हाताळलेला, ढोलताशांच्या हादऱ्यांनी त्रस्त झालेला नाग सुखी नसतो. साप दूध पिणारा प्राणी नाही; तहानलेला साप समोर येईल ते पितो आणि दूध त्याला पचत नाही. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. २०१४ साली न्यायालयाने कायद्याची काटेकोर अंमलबजावणी करण्याचा आदेश दिला आणि जिवंत नागांचे खेळ व मिरवणूक थांबली. महाजनांच्या घरी पुन्हा मातीचा नाग आला. नाथांच्या गोष्टीत जो प्रवास मातीकडून प्राणाकडे झाला होता, तो न्यायालयाने उलटा फिरवला.

बंदी योग्य होती, असे माझे मत आहे. पण बंदीच्या बाजूने बोलणाऱ्या अनेकांनी शिराळकरांना नुसते अंधश्रद्ध म्हणून बाजूला सारले, ते मला चुकीचे वाटते. नाग दिसला की ठेचायचा, ही देशातल्या बहुतेक शेतांवरची रीत असताना या गावातली पोरे तो न मारता धरायला शिकत होती. शिराळकरांना बसलेला धक्का हा करमणूक गेल्याचा नव्हता. ज्याला आपण भाऊ म्हणतो त्याचे शिकारी आपल्याला ठरवले गेले, याचा तो होता. आणि दुसऱ्या बाजूला, श्रद्धेने माणसाचा जीव कसा जातो हेही इथेच सांगितले पाहिजे. साप चावलेल्या माणसाला देवळात नेऊन बसवणे, मांत्रिकाकडून उतरवून घेणे, यात जे तास जातात ते परत मिळत नाहीत. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर चालणारी एकच लस आपल्याकडे आहे आणि ती वेळेत मिळाली तर माणूस वाचतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पदंशाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत घेतले. साताऱ्यात जन्मलेले, अंधश्रद्धा निर्मूलनाचे काम करणारे नरेंद्र दाभोलकर गावोगावी हेच सांगत होते, की देव मानण्याला आमचा विरोध नाही, देवाच्या नावाने होणाऱ्या शोषणाला आणि नुकसानीला आहे. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. श्रद्धेची चिकित्सा करणाऱ्याला मारणारे आणि पंचमीला नागासमोर हात जोडणारी बाई यांना एकाच मापाने मोजणे हा त्या बाईवर अन्याय आहे. दाभोलकरांनी तो कधी केला नाही.

बंदीनंतर काय झाले? पंचमी संपली नाही. पालखी निघते, देवळात गर्दी होते, मिरवणुकीत नागाच्या प्रतिमा असतात, लेकी माहेरी येतात. वन खात्याचा बंदोबस्त असतो. जिवंत नाग हाच या श्रद्धेचा प्राण आहे असे वाटत होते. तो काढून घेतल्यावरही देह उभा राहिला. दुर्खीम असते तर म्हणाले असते, की प्राण नागात नव्हताच, जमण्यात होता. पण गावाचे समाधान झाले नाही, हेही तितकेच खरे. मागणी चालू राहिली, निवडणुकांत हा मुद्दा येत राहिला, आणि २०२५ साली केंद्र सरकारच्या पर्यावरण मंत्रालयाने पंचमीच्या सुमारास काही मोजक्या गावकऱ्यांना मोजके नाग पकडण्याची परवानगी दिली. मिरवणुकीसाठी किंवा खेळासाठी नाही. नाग हाताळण्याचे परंपरागत ज्ञान पुढच्या पिढीला देण्यासाठी, शैक्षणिक कारणाने, अटींसह.

त्या परवानगीमागचे कारण मला बोलके वाटते. गावाला ज्ञान हरवण्याची चिंता आहे, आणि ती खोटी नाही. पण या ज्ञानात नाग कसा धरावा एवढेच येत नाही. बापाला निर्भयपणे नागासमोर वाकताना पाहिल्यावर पोराच्या मनात जे घडते, तेही त्यात येते. २०१४नंतर शिराळ्यात जन्मलेल्या मुलांनी जुनी पंचमी पाहिलेली नाही. त्यांनी ती मोबाइलवरच्या जुन्या चित्रफितींत पाहिली आहे आणि आजोबांच्या तोंडून ऐकली आहे. हेन्रिक यांचे म्हणणे बरोबर असेल तर नुसते ऐकलेले त्यांच्यात तितके खोल उतरणार नाही; ती मोठी होतील तेव्हा पंचमी एक आनंदाची जत्रा असेल, नागाशी केलेला करार उरलेला नसेल. दुर्खीम यांचे बरोबर असेल तर जमणे पुरेसे आहे, आणि गाव जमत राहील तोवर मातीच्या नागातही तेवढाच देव असेल.

माझा कौल अर्धा अर्धा आहे. जमणे टिकेल, कारण माहेर आणि मान टिकतील. पण झीज नसलेली श्रद्धा हळूहळू सणात उतरते, आणि शिराळ्याला झिजायला नवी जागा हवी आहे. ती शोधायला फार लांब जावे लागणार नाही. नाग न मारता धरण्याचा हात आणि नजर या गावाकडे आहे. पावसाळ्यात आसपासच्या कोणत्याही वस्तीवर घरात नाग निघाला, तर काठी उचलली जायच्या आत तिथे पोचणारा, तो धरून त्याच दिवशी रानात सोडणारा, आणि कोणाला दंश झालाच तर माणसाला देवळात न नेता थेट दवाखान्यात नेणारा पोरगा शिराळ्याचा असावा. हेही जोखमीचेच काम आहे, त्यालाही वन खात्याची परवानगी आणि रीतसर प्रशिक्षण लागते, आणि तेही लहान मुलांना उघड्या डोळ्यांनी पाहता येते.